जमिनीवर मांडलेले जग : एच. जी. वेल्स

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडे अंगणाच्या कोपऱ्यात किल्ला उभा राहतो. दगड-विटा रचायच्या, त्यावर चिखलात बुडवलेले पोते पसरायचे, बुरूज लिंपायचे, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची आणि चार दिवसांनी कोवळी हिरवळ वर आली की मातीचे मावळे मांडायचे. मग घाटातून शत्रू येतो, रसद तुटते, गड पडतो, पुन्हा उभा राहतो. घरातली मोठी माणसे हे सारे ओलांडून पुढे जातात. आठवी-नववी झाली की आपल्यालाही त्याची लाज वाटू लागते आणि पुढच्या दिवाळीला किल्ला धाकट्या भावंडांच्या हवाली होतो.

ज्याला ही लाज कधी वाटली नाही अशा एका माणसाची ही कथा आहे. चाळिशी उलटल्यावर, जगभर नाव झाल्यावर, तो आपल्या दोन मुलांबरोबर गुडघे टेकून जमिनीवर गावे, बेटे आणि रणांगणे मांडत बसे. त्याच्या घरी जेवायला आलेले नामांकित पाहुणेही कोट काढून ठेवून त्या रणांगणात उतरत. या खेळांवर त्याने दोन पुस्तके लिहिली. काळयंत्र, अदृश्य माणूस आणि मंगळावरून आलेले आक्रमक ही जगाला वेड लावणारी कल्पनाचित्रे ज्याच्या लेखणीतून उतरली तो हर्बर्ट जॉर्ज वेल्स आणि हा खेळगडी एकच. आज देशोदेशी तरुण मंडळी टेबलाभोवती बसून ताऱ्यांच्या प्रवासाचे साहसखेळ खेळतात. त्या खेळांचे मूळ शोधत गेले तर वाट याच माणसाच्या दिवाणखान्यात पोचते.

त्यांच्याविषयी याच अंकात लिहावे असे वाटण्याला आणखी एक कारण आहे, ते ओघात येईलच.

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या ब्रॉम्ली या गावी झाला. वडील जोसेफ यांचे चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकण्याचे छोटेसे दुकान होते. भांडी फारशी खपत नसत. वडिलांचे खरे प्रेम क्रिकेटवर होते आणि केंट परगण्याकडून खेळताना १८६२ साली त्यांनी ससेक्सविरुद्ध लागोपाठच्या चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. आई सारा लग्नापूर्वी अपपार्क नावाच्या एका जमीनदारी वाड्यात मालकिणीच्या खास नोकरीत होती. दुकानाखालच्या तळघरातले स्वयंपाकघर, वरून रस्त्याने जाणाऱ्यांची फक्त पावले दाखवणारी जाळी आणि महिनाअखेरची चणचण यांत छोटा बर्टी वाढला.

१८७४ साली त्याचा पाय मोडला. कित्येक आठवडे तो अंथरुणाला खिळून होता आणि त्या काळात वडिलांनी वाचनालयातून आणून दिलेली पुस्तके त्याने अधाशासारखी वाचली. पुढे वेल्स या अपघाताला आपल्या आयुष्यातले मोठे भाग्य मानीत असत. तीनच वर्षांनी वडिलांचाही पाय मोडला. त्यांचे क्रिकेट संपले आणि त्याबरोबर घरात येणारा थोडाफार पैसाही आटला. १८८० मध्ये आई पुन्हा अपपार्कला गेली, या वेळी वाड्याची घरव्यवस्था सांभाळणारी म्हणून. घर मोडले आणि तेरा-चौदा वर्षांचा बर्टी उमेदवारीला लागला.

त्या काळी इंग्लंडात गरीब घरच्या मुलाने कापडदुकानात उमेदवारी करणे ही मोठी सोय समजली जाई. पहिल्या दुकानातून त्याला लवकरच परत पाठवले, औषधांच्या दुकानातही तो टिकला नाही. मग १८८१ मध्ये साउथसी येथील कापडदुकानात त्याची रवानगी झाली. दिवसाला तेरा तेरा तास उभे राहून गाठोडी उचलायची, कापड उलगडायचे, पुन्हा घडी घालायची आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर एकाच खोलीत झोपायचे. दोन वर्षे त्याने हे काढले. मग एका रविवारी पहाटे तो कुणालाही न सांगता निघाला आणि सतराएक मैल चालत अपपार्कला आईपुढे जाऊन उभा राहिला. तलासरीहून डहाणूला पायी यायला निघावे, त्याहून थोडे कमी अंतर. पुन्हा त्या दुकानात जाणार नाही, एवढेच त्याला सांगायचे होते.

आपल्या वर्गातही सकाळचे तास आटोपून चिकूच्या वाडीत, फुग्यांच्या कारखान्यात किंवा वापी-उंबरगावच्या कंपन्यांत पाळीला जाणारे मित्र आहेत. त्या रविवारच्या चालण्याचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

मिडहर्स्टच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी, होरेस बायट यांनी, या मुलाची हुशारी आधीच हेरली होती. त्यांनी १८८३ मध्ये त्याला शिकता शिकता शिकवणारा विद्यार्थी-शिक्षक म्हणून ठेवून घेतले. दिवसा मुलांना शिकवायचे, रात्री स्वतः विज्ञानाच्या परीक्षांचा अभ्यास करायचा. परीक्षांतल्या यशामुळे १८८४ साली त्याला लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्सची शिष्यवृत्ती मिळाली. आठवड्याला एक गिनी, त्यात राहणे, खाणे आणि पुस्तके. दुपारच्या जेवणाला पैसे उरत नसत आणि अंगावरचे कपडे दिवसेंदिवस ढगळ होत चालले होते. पण पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकवायला टी. एच. हक्सले होते. डार्विनच्या उत्क्रांतिवादाचा कैवार घेऊन साऱ्या इंग्लंडशी वाद घालणारे तेच हे हक्सले. माणूस हा सृष्टीचा अखेरचा शब्द नाही, तो बदलत आला आहे आणि पुढेही बदलेल, कदाचित नष्टही होईल, हा विचार वेल्स यांनी त्या एका वर्षात घेतला तो जन्मभर सोडला नाही.

पुढच्या दोन वर्षांत मात्र पदार्थविज्ञान आणि भूशास्त्र यांत त्यांचे मन रमेना. ते वादसभा गाजवू लागले आणि मित्रांच्या साहाय्याने त्यांनी 'सायन्स स्कूल्स जर्नल' हे विद्यार्थ्यांचे नियतकालिक सुरू केले. पहिले संपादकही तेच. १८८७ च्या शेवटच्या परीक्षेत भूशास्त्रात ते नापास झाले आणि पदवी न घेताच बाहेर पडले. १८८८ साली त्याच नियतकालिकात त्यांची एक कथा तीन हप्त्यांत छापून आली. काळात मागे-पुढे जाणारे यंत्र बनवणाऱ्या एका माणसाची ती गोष्ट होती. भाषा बोजड, रचना विस्कळीत आणि शेवट अर्धवट. ती कथा त्यांनी टाकून दिली नाही. सात वर्षे ती पुन्हा पुन्हा लिहिली आणि १८९५ मध्ये तिचे पुस्तक झाले ते 'द टाइम मशीन'.

वर ज्याचा उल्लेख केला ते कारण हेच. जगातल्या पहिल्या काळयंत्रांपैकी एकाचे बीज कॉलेजच्या नियतकालिकात पडले आहे, तेही नापास झालेल्या विद्यार्थ्याच्या हातून. वार्षिकांकासाठी लेख मागायला येणाऱ्या संपादक मंडळाला आपण जेव्हा टाळतो, तेव्हा हे आठवावे.

मधली सात वर्षे सोपी गेली नाहीत. वेल्समधील एका शाळेत शिक्षकी करताना फुटबॉलच्या मैदानावर त्यांच्या मूत्रपिंडाला जबर मार लागला आणि पाठोपाठ फुप्फुसातून रक्त पडू लागले. आपण फार जगत नाही अशी त्यांची समजूत झाली. तरी १८९० मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळवलीच. १८९३ मध्ये पुन्हा रक्त पडले, तेव्हा शिकवणे सोडून लेखणीवरच पोट भरायचे त्यांनी ठरवले. त्यानंतर 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो' १८९६ मध्ये, 'द इन्व्हिजिबल मॅन' १८९७ मध्ये, 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९८ मध्ये आणि 'द फर्स्ट मेन इन द मून' १९०१ मध्ये अशी एकामागून एक पुस्तके आली. सहा-सात वर्षांत कापडदुकानातला उमेदवार युरोपातला नामवंत लेखक झाला.

या कथांची ताकद कशात आहे? चमत्कार तर आपल्या पुराणांतही पुष्कळ आहेत. वेल्स यांचा नियम असा होता की एका कथेत अशक्य गोष्ट एकच घ्यायची आणि तिच्याभोवतीचे बाकी सारे जग अगदी खरे, रोजचे ठेवायचे. त्या एका अशक्य गोष्टीचे जे जे परिणाम होतील ते प्रामाणिकपणे शेवटपर्यंत शोधायचे. माणूस अदृश्य झाला, ठीक. पण कपडे अदृश्य होत नाहीत, म्हणजे त्याला हिवाळ्यात उघडे फिरावे लागणार. खाल्लेले अन्न पचेपर्यंत दिसणार. चिखलात पावले उमटणार, बर्फ अंगावर साठणार, कुत्र्यांना वास येणार. ज्या शक्तीच्या जोरावर तो राज्य करायला निघतो तीच त्याला शिकारीतले सावज करून टाकते. 'द टाइम मशीन'मध्येही तेच. वर उजेडात सुखवस्तू, दुबळे, खेळत राहणारे लोक आणि खाली अंधारात यंत्रे चालवणारे लोक. अपपार्कच्या वाड्यात नोकरांच्या ये-जा करण्यासाठी भुयारे होती आणि वेल्स यांनी ती लहानपणी पाहिली होती. मालक वर आणि राबणारे खाली ही व्यवस्था लाखो वर्षे अशीच चालली तर काय होईल, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर भयंकर निघाले तरी ते लपवले नाही.

'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' लिहिण्यापूर्वी ते वोकिंग येथे राहत होते. सायकलवरून आसपासचा मुलूख हिंडून मंगळावरच्या यंत्रांनी कोणते घर पाडायचे, कोणता रस्ता जाळायचा याची ते पाहणी करीत. मात्र या कादंबरीचे मूळ वोकिंगपासून फार दूर आहे. युरोपियन वसाहतवाल्यांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा पन्नासएक वर्षांत जवळजवळ संहार केला होता. तसेच कुणी आकाशातून आपल्यावर उतरले तर, हा विचार वेल्स यांच्या मनात घोळत होता आणि कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी टास्मानियाची आठवण वाचकांना करून दिली. जगावर राज्य करणाऱ्या लंडनला त्यांनी एकदा गुलामाच्या जागी उभे करून पाहिले.

लंडनच्या वाचकाला ही कल्पना नवी होती. तलासरीच्या वाचकाला तशी ती नाही. परके लोक आले, त्यांनी जंगलावर कायदा आणला, त्यांच्या आडोशाने सावकार आणि जमीनदार आले, वेठबिगार आली, लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोने जन्मभर राबायची लग्नगडीची चाल आली. इथल्या वारली आजोबांच्या आठवणीत हे सारे आहे. मे १९४५ मध्ये तलासरी भागातील झरी येथे आदिवासी बांधव एकत्र जमले आणि वेठ करणार नाही असे ठरवून उठले. त्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. वेल्स यांच्या कादंबरीत आक्रमकांना माणूस हरवत नाही, पृथ्वीवरचे सूक्ष्म जंतू हरवतात. आपल्या मातीतली माणसे जंतूंची वाट पाहत बसली नाहीत, एवढा फरक येथे नोंदवायला हवा.

याच वेल्स यांनी १९०१ साली 'अँटिसिपेशन्स' या भविष्यवेधी ग्रंथात गौरेतर लोकांविषयी अत्यंत कठोर आणि तुच्छतेचे विचार मांडले, हेही सांगितले पाहिजे. कार्यक्षमतेच्या कसोटीला जे उतरणार नाहीत त्यांना भावी जगात जागा नाही, अशी ती विचारसरणी होती. पुढे त्यांनी ही भूमिका सोडली आणि वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेवर टीकाही केली. पण कथा लिहिताना ज्याला टास्मानियाचे दुःख दिसले त्याला निबंध लिहिताना ते दिसू नये, याचे आश्चर्य वाटते. कथेत त्यांनी दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले होते. निबंधात ते आपल्याच उंच जागेवरून बोलत राहिले. घरच्या आयुष्यातही त्यांचे वागणे निष्कलंक नव्हते. १८९१ मध्ये चुलत बहीण इझाबेल हिच्याशी झालेले लग्न मोडून १८९५ मध्ये त्यांनी एमी कॅथरीन रॉबिन्स यांच्याशी लग्न केले. या पत्नीला ते जेन म्हणत. त्यांनी संसार, मुले, हस्तलिखिते सारे सांभाळले आणि नवऱ्याची इतर प्रेमप्रकरणेही मुकाट्याने सोसली. वेल्स यांच्या स्वातंत्र्याची किंमत जेन यांनी मोजली असे म्हटले तर ते चूक होणार नाही.

जेन यांचे दोन मुलगे, १९०१ साली जन्मलेला जॉर्ज फिलिप आणि १९०३ साली जन्मलेला फ्रँक. या मुलांबरोबर खेळता खेळता 'फ्लोअर गेम्स' हे पुस्तक तयार झाले. ते १९११ मध्ये निघाले. लाकडी ठोकळे, फळ्या, झाडांच्या डहाळ्या आणि शिशाची माणसे घेऊन जमिनीवर बेटे आणि शहरे कशी वसवायची, हे त्यात सांगितले आहे. दोन वर्षांनी 'लिटल वॉर्स' आले. त्याची सुरुवात एका दुपारी जेवणानंतर झाली. खेळण्यातली एक स्प्रिंगची तोफ होती, तिच्यातून इंचभर लांबीची लाकडी गोळी सुटे. त्या तोफेने शिशाचा शिपाई नेम धरून पाडण्याची एका लेखकमित्राशी चुरस लागली. पाडता तर येतो, मग नियम केले तर, एवढ्यावर खेळ उभा राहिला.

नियम साधे पण काटेकोर आहेत. रणांगण मांडताना मधे पडदा धरायचा, म्हणजे शत्रूची रचना आधी दिसत नाही. एका पाळीत पायदळाने एक फूट चालायचे, घोडदळाने दोन फूट. प्रत्येक पाळीला वेळेची मर्यादा. तोफेजवळ सहा इंचांच्या आत निदान चार शिपाई नसतील तर तोफ डागता येणार नाही. समसमान संख्येने भिडले तर एकास एक असे दोन्हीकडचे गडी बाद. पुस्तकाच्या लांबलचक नावात लेखकाने हा खेळ बारा वर्षांच्या मुलापासून दीडशे वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांसाठी आहे असे म्हटले असून मुलींपैकी फक्त जास्त हुशार असतील त्यांना प्रवेश दिला आहे. मुलगी म्हणून मी हा प्रवेश स्वीकारते, मात्र मुलग्यांना हुशारीची अट का नाही हे कळले नाही.

पुस्तकाच्या शेवटी वेल्स गंभीर होतात. या छोट्या युद्धात कुणी मरत नाही, कुणाचे शेत जळत नाही, कुणाच्या आईला तार जात नाही. ज्यांना युद्धाची हौस आहे अशा सेनापतींनी आणि राजांनी एखाद्या दालनात बसून ही हौस भागवावी आणि बाकी जगाला सुखाने जगू द्यावे. तीन-चार वेळा असे युद्ध खेळले की खरे युद्ध किती मोठा गोंधळ असेल हे कळते, कारण जमिनीवरच्या शंभर शिपायांचा मेळसुद्धा नीट बसत नाही. हे त्यांनी १९१३ मध्ये लिहिले.

पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि वेल्स यांनी त्याचा पुरस्कार केला. जर्मन लष्करशाही मोडली की पुन्हा युद्ध होणार नाही, या आशेने त्यांनी लेख लिहिले आणि त्या लेखसंग्रहाला युद्ध संपवणारे युद्ध अशा अर्थाचे नाव दिले. १९१८ मध्ये ते सरकारी प्रचारखात्यात कामही करीत होते. जमिनीवर मांडलेल्या खेळाने जे शिकवले ते खऱ्या तोफा वाजू लागताच ते विसरले. युद्धाने युद्ध संपले नाही हे त्यांना कळून चुकले तेव्हा कोट्यवधी माणसे मेली होती. या चुकीचे ओझे त्यांच्या उरलेल्या सर्व लेखनावर आहे.

१९१४ सालीच त्यांची 'द वर्ल्ड सेट फ्री' ही कादंबरी निघाली. अणूत कोंडलेली शक्ती माणूस १९३३ मध्ये मोकळी करतो, तिच्यावर यंत्रे चालतात आणि मग तिचेच बाँब होतात, अशी ती कथा. अणुबाँब हा शब्दच या कादंबरीने रूढ केला. लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाने ती १९३२ मध्ये वाचली. १९३३ मध्ये लंडनमध्ये असताना अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना त्यांना सुचली. तिचे काय होऊ शकते हे कादंबरीमुळे त्यांना आधीच ठाऊक होते, म्हणून आपले पेटंट त्यांनी गुप्त राहावे यासाठी ब्रिटिश नौदलाच्या हवाली केले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा वेल्स जिवंत होते.

आपण डहाणूहून दक्षिणेला लोकलने जातो तेव्हा बोईसर स्टेशन लागते. तिथून जवळच तारापूर. भारतातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली तिथे सुरू झाले. कादंबरीतली दोन्ही भाकिते, वीज आणि बाँब, खरी ठरलेल्या जगात आपण राहतो आणि त्यातल्या एकाच्या शेजारी रोज झोपतो. म्हणूनच वेल्स यांची पुस्तके आपल्याला नुसती करमणूक वाटत नाहीत.

महायुद्धानंतर वेल्स यांनी कथांपेक्षा जगाला शहाणे करण्यावर भर दिला. १९२० मध्ये साऱ्या मानवजातीचा एकच इतिहास सांगणारा 'द आउटलाइन ऑफ हिस्टरी' हा ग्रंथ निघाला. पंडित नेहरूंनी तुरुंगातून इंदिरेला जगाच्या इतिहासावर पत्रे लिहिली तेव्हा हा ग्रंथ त्यांच्या हाताशी होता. १९२० मध्ये वेल्स लेनिनना भेटले, १९३४ मध्ये रूझवेल्ट आणि स्टालिन या दोघांनाही. स्वतःला मधुमेह असल्याने १९३४ मध्येच त्यांनी मधुमेहींची संघटना स्थापण्यात पुढाकार घेतला. १९४० मध्ये मानवी हक्कांची सनद तयार करण्याची चळवळ त्यांनी चालवली आणि गांधीजींचे मत मागवले. आधी कर्तव्यांची सनद करावी, असा गांधीजींचा अभिप्राय होता. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्यामागे ज्या अनेक प्रयत्नांचे पाठबळ होते त्यांत हाही एक होता. तो दिवस पाहायला वेल्स नव्हते. जर्मन बाँब पडत असतानाही लंडनचे घर न सोडणारा हा म्हातारा १३ ऑगस्ट १९४६ रोजी त्याच घरात वारला.

खेळ मात्र थांबला नाही. जमिनीवरची छोटी युद्धे खेळणारी मंडळे इंग्लंड-अमेरिकेत वाढत गेली. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. त्यात फौजेऐवजी प्रत्येकाच्या हाती एकच पात्र आले. याला रोल-प्लेइंग गेम, म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा खेळ म्हणतात. 'लिटल वॉर्स'च्या २००४ सालच्या आवृत्तीला गायगॅक्स यांनीच प्रास्ताविक लिहून हे ऋण मान्य केले. १९७७ मध्ये मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' आला आणि हा खेळ ताऱ्यांमध्ये गेला. एकजण सूत्रधार होतो, तो प्रसंगाचा आराखडा तयार ठेवतो. कोणता ग्रह, तिथे काय बिघडले आहे, कोणाला काय हवे आहे. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते सांगतात आणि शंका येईल तेथे फाशांचा कौल घेतात. शेवट आधी लिहिलेला नसतो. 'ट्रॅव्हलर'मध्येही वेल्स यांचाच नियम दिसतो. ताऱ्यांमधली उडी एवढी एक अशक्य गोष्ट मान्य करायची, पण त्या उडीला आठवडाभर लागतो आणि बातमी जहाजापेक्षा लवकर पोचत नाही. त्यामुळे दूरच्या ग्रहावर अडकलेल्या माणसाला विचारायला वर कुणी नसते, निर्णय त्यालाच घ्यावा लागतो.

आपल्याला हे फार परके वाटू नये. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात मुखवटे चढवून माणसे रात्रभर देवांची आणि राक्षसांची सोंगे आणतात. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने विज्ञानकथा पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. सोंग आणि विज्ञान दोन्ही आपल्याकडे आहे, फक्त एका टेबलावर आणायचे राहिले आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पाचजणांनी ते करून पाहिले. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले तेव्हा आम्ही शाळेत होतो. धुंदलवाडीच्या बाजूची माणसे कडाक्याच्या थंडीत घराबाहेर झोपत होती. आमच्या सूत्रधाराने तोच हिवाळा घेतला आणि वेल्स यांच्या नियमाने त्यात अशक्य गोष्ट एकच घातली : धक्के ठरावीक तालावर येत आहेत, जणू खालून कुणी दार ठोठावते आहे. बाकी सगळे खरे. आम्ही कोणी सरपंच झालो, कोणी आशाताई, कोणी एसटीचा वाहक, कोणी समुद्रावर गेलेला तांडेल. पहिला अर्धा तास खाली कोण आहे याचीच चर्चा चालली. मग सूत्रधाराने सांगितले की पाड्यावर चाळीस घरे आहेत आणि ताडपत्र्या अकराच आल्या आहेत. त्यानंतर कुणीही खाली कोण आहे हे विचारले नाही. बाळंतिणीला आधी की म्हाताऱ्यांना, रस्त्याजवळच्या घरांना की डोंगरापलीकडच्या, यावर आम्ही रात्री साडेदहापर्यंत भांडलो. सरपंच झालेला आमचा मित्र, जो एरवी वर्गात एक शब्द बोलत नाही, तो शेवटी आपल्या पात्राची ताडपत्री देऊन मोकळा झाला आणि नंतर बराच वेळ गप्प बसून राहिला. त्या हिवाळ्यात त्याच्या घरी ताडपत्री आली नव्हती, हे आम्हाला त्या रात्री कळले.

खाली कोण ठोठावत होते ते अजून ठरलेले नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुढचा डाव मांडायचा आहे. यंदा अंगणातला किल्लाही आम्हीच करणार आहोत.